मुफलिसांची उतरंड

पत्त्यांच्या खेळावर गंभीरपणे लिहिणे आपल्याकडे फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नाही. ब्रिजवर लिहिले तर एक वेळ चालते; तीनपत्तीचे नाव काढले की सज्जन माणसे खिसे चाचपू लागतात. तरीही आज आम्ही तीनपत्तीच्या एका उपेक्षित भावंडाविषयी, आणि त्याच्या परदेशी नातेवाइकाविषयी, लिहिण्याचे धाडस करीत आहोत. कारण या दोहोंविषयी एक गोड गैरसमज रूढ आहे, आणि तो निरुपद्रवी नाही असे आमचे मत झाले आहे.

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मध्ये खुटबाव लागते. कालव्याचे पाणी, ऊस आणि गुऱ्हाळे यांचा हा मुलूख. तेथे आजोळच्या ओट्यावर, दिवाळीच्या सुटीत, चिंचोके लावून आम्ही तीनपत्ती शिकलो. रात्र चढली आणि कोणी सारखे हरू लागले की वडीलधाऱ्यांपैकी एखादा म्हणे, "चला, एक मुफलिस होऊन जाऊ द्या." मुफलिस म्हणजे कंगाल. या डावात सारेच उलटे: ज्याचा हात सर्वांत हलका तो जिंकणार. हरणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेवढ्यानेच उजेड पडे. आता आपले दिवस आले, असे त्याला वाटे, आम्हालाही वाटे.

गेल्या दिवाळीत त्याच ओट्यावर भाच्याने आम्हाला ‘रॅझ’ शिकवला. हा पोकरच्या स्टड घराण्यातला खेळ. लास वेगासच्या जागतिक पोकर स्पर्धेत तो १९७१ पासून आहे. प्रत्येकाला आधी दोन पत्ते पालथे आणि एक उघडा, मग एकेक करून तीन उघडे, शेवटचा पुन्हा पालथा. या सातांतून पाच पत्त्यांचा सर्वांत हलका हात लावायचा. पहिल्याच वाटपात आमच्यासमोर राजा उघडा पडला आणि जन्मभराच्या सवयीने छाती थोडी फुगली. "मामा, तुमचा पत्ता सगळ्यात मोठा, म्हणून पहिले चिंचोके तुम्हीच टाकायचे," भाचा शांतपणे म्हणाला. राजेपणाचा असा दंड आम्ही प्रथमच भरला.

पुढच्या डावात एक्का, दुर्री, तिर्री आली. मुफलिसात हा रन, म्हणजे भारी हात, म्हणजे फुकट. आम्ही पत्ते खाली टाकले. भाच्याने ते उलटून पाहिले आणि कपाळाला हात लावला. रॅझमध्ये रन आणि कलर मोजतच नाहीत. एक्का सर्वांत लहान. एक्का ते पंजी हा सर्वश्रेष्ठ हात. तेव्हा आम्ही टाकली होती ती त्या खेळातली सर्वांत उत्तम सुरुवात. तात्पर्य, गरिबीची व्याख्याही दर ओट्यावर निराळी असते, आणि एका ओट्यावरचे शहाणपण दुसऱ्यावर नेले की ते अंगाशी येते.

तेव्हापासून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात होतात. त्यांपैकी १६,४४० हातांत ना ट्रेल, ना रन, ना कलर, ना जोड. म्हणजे दर चार हातांतले जवळपास तीन ‘काही नाही’ या सदरात जातात. मुफलिस या बहुसंख्यांना न्याय देतो, अशी आमची भाबडी समजूत होती. पण मुफलिसातला सर्वोत्तम हात कोणता? दुर्री, तिर्री, पंजी, तिन्ही एकाच रंगाची नसलेली. असे हात किती? अवघे ६०. आणि तीनपत्तीत सर्वांवर मात करणारे ट्रेल किती? ५२. परिपूर्ण कंगाली जवळजवळ राजेपणाइतकीच दुर्मीळ आहे! रॅझचीही तीच तऱ्हा. तेथे खेळण्याजोगी सुरुवात म्हणजे अठ्ठीपर्यंतचे तीन वेगवेगळे पत्ते. ते सहा वाटपांत साधारण एकदाच येतात. उरलेल्या पाच वेळा मुकाट्याने पत्ते टाकावेत, हाच त्या खेळाचा पहिला धडा.

म्हणून आमचे म्हणणे असे की, उलटा खेळ हा हरणाऱ्यांचा खेळ नव्हे. उतरंड पालथी केली तरी ती उतरंडच राहते. मधली मडकी मधेच राहतात. त्या ओट्यावर पुढे चिंचोक्यांच्या जागी नोटा आल्या, आणि एका गृहस्थांना आम्ही उसाच्या बिलाचे पैसे मुफलिसात घालवताना पाहिले. गुलामावर अडलेला हात त्यांना पुरेसा कंगाल वाटे. पाच जणांच्या डावात असा हात बहुतेक वेळा हरतोच. पण "नशीब वाईट असणाऱ्यांचाच हा डाव" या श्रद्धेपोटी ते चाल देत राहिले. तीनपत्तीत ते कदाचित लवकर उठले असते. त्यांना बुडवले ते त्या सांत्वनाने.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो पडद्यापुरता आहे. ओट्यावरच्या श्रद्धेला कायदा लागत नाही. तिला हिशेबच लागतो.

तरीही रॅझ शिकावा, असे आम्ही सुचवू, अर्थात चिंचोक्यांवर. त्यात एक गोष्ट फार चांगली आहे. आपल्या हातातली पंजी समोरच्याकडेही उघडी दिसली तर आनंद मानायचा, कारण आपली जोड होऊन हात बिघडण्याची भीती तेवढी कमी झाली. आपल्याला हवी असलेली तिर्री मात्र दुसऱ्यांकडे दिसू लागली की आशा आवरती घ्यायची. दुसऱ्यांच्या पत्त्यांकडे नीट पाहिल्यावाचून आपल्या पत्त्यांची किंमत तेथे कळतच नाही. आजोळच्या ओट्यावर इतकी वर्षे आम्ही केवळ स्वतःच्याच हाताकडे पाहून कधी खूश, कधी कष्टी होत होतो. त्या गृहस्थांच्या हाताकडे तेव्हा कोणी पाहिले असते, आणि "राहू द्या, हा तसा हलका नाही" एवढे म्हटले असते, तर बरे झाले असते. आम्हीही त्या डावात बसलो होतो.