कोयता कारखान्याला, सोयाबीन रानात. नांदेड-लातूरच्या शेतीला दुहेरी फटका

नांदेड/लातूर : मुकादमाची उचल पावसाळ्यातच घरखर्चात संपलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूरच्या डोंगरपट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रक येऊन उभे राहतात अन् ऊसतोडीचा कोयता निघतो. नेमकं तेव्हाच सोयाबीन काढणीला आलेलं असतं.

सोयाबीन कुणासाठी थांबत नाही. वाळलेल्या शेंगा जास्त दिवस उभ्या राहिल्या की तडकतात, दाणे रानातच सांडतात. वरून पाऊस आला तर शेंगेतच कोंब फुटतात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने दोन्ही जिल्ह्यांना किती झोडपलं, ते सगळ्यांना आठवतं. म्हणून मजूर सांगतील त्या भावात गुत्तं द्यावं लागतं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. घाईत ओलं काढलं तर केंद्रावर माल नाकारतात, उशीर केला तर दाणे मातीत.

हार्वेस्टर आणा म्हणणं सोपं. चिखलात ते चालत नाही, उताराच्या बारक्या तुकड्यात वळत नाही, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असल्या तर तूर मोडते.

दुसरी बाजू जास्त दुखरी आहे. तोडीला जाणारा बऱ्याचदा स्वतःच एक-दोन एकराचा शेतकरी असतो. नवरा-बायको मार्च-एप्रिलपर्यंत बाहेर, मागे म्हातारे आई-बाप. जमिनीत ओल असूनही हरभरा पेरायचा राहतो. पेरला तर डुकरापासून राखण कोण करणार? रान पडीक राहतं, हातात पैसा नसतो, म्हणून पुढच्या साली पुन्हा उचल.

मजुराला दोष देऊन भागणार नाही. गावात काढणीचं काम पंधरा-वीस दिवसांचं. कारखान्यावर पाच-सहा महिन्यांचं, तेही पैसे आगाऊ. बांधकामावर पुणे, हैदराबाद गाठणाऱ्याचं गणितही असंच.

मग गावाच्या हातात काय? लवकर अन् उशिरा येणारे वाण विभागून पेरले तर सगळी काढणी एकदम येत नाही. पाच-सहा घरांनी इर्जिक केली तर गुत्त्याचा खर्च वाचतो. तोडीला जाणाऱ्याचं रान मागे राहणाऱ्याने हरभऱ्यापुरतं बटईने केलं तर दोघांच्या घरात दाणे येतात. उचल घेतानाच निघायची तारीख काढणीनंतरची ठरवून घ्यावी. २०२५-२६ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला होता. तोवर बरंच सोयाबीन निघू शकतं. हे बोलणं पेरणीआधी व्हायला हवं. ट्रॅक्टर दारात आल्यावर उशीर झालेला असतो.