तीन पॉइंटने पुढे असाल तर फाउल करा



आज विषय बास्केटबॉलचा आहे. तुम्ही म्हणाल, दुकानदारी शिकवणारा माणूस मैदानावर कुठे गेला? पण शेवटच्या दहा सेकंदांत थोडक्याने पुढे असलेल्या टीमने काय करावं, हा जो जुना वाद आहे ना, तो आपल्या गल्ल्यावरचाच वाद आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. तीन पॉइंटने पुढे असाल आणि वेळ संपत आली असेल, तर मुद्दाम फाउल करावा. एक किंवा दोन पॉइंटने पुढे असाल तर अजिबात करू नये.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात नियम. साध्या बास्केटचे दोन पॉइंट. पावणेसात मीटरच्या रेषेबाहेरून टाकलं तर तीन. फ्री थ्रोचा एक. आंतरराष्ट्रीय नियमांत दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात. एका भागात टीमचे चार फाउल होईपर्यंत समोरच्याला फक्त बाजूने बॉल मिळतो, पाचव्यापासून मात्र दोन फ्री थ्रो. आणि एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तो सरळ बाहेर.

आता हिशोब बघा. तुम्ही तीनने पुढे आहात, सहा सेकंद उरलेत, बॉल त्यांच्याकडे. त्यांना बरोबरीसाठी एकच रस्ता आहे, लांबून तीनचा शॉट. तो मारायच्या आधीच तुम्ही फाउल केला तर त्याला दोन फ्री थ्रो. दोन्ही गेले तरी तुम्ही एकने पुढे, आणि बॉल तुमचा. म्हणून तो काय करतो? पहिला टाकतो, दुसरा मुद्दाम चुकवतो, आणि उडालेला बॉल पकडून बास्केट करायला बघतो. एका ऐवजी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. समजा पहिला फ्री थ्रो चारपैकी तीन वेळा जातो, उडालेला बॉल सातातून एकदा त्यांच्या हाती लागतो, आणि मग निम्म्या वेळा बास्केट होते. गुणाकार करा, शंभरात पाच वेळा. आणि घाईत, अंगावर माणूस असताना मारलेला तीनचा शॉट चारातून एकदा जरी गेला, तरी ते शंभरात पंचवीस. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही थोडे इकडेतिकडे करा, निकाल फारसा बदलत नाही.

आता दोन खऱ्या मॅच.

१८ जून २०१३, एनबीएची फायनल, सहावी मॅच, मायामी. सॅन अँटोनियो स्पर्स सिरीजमध्ये ३-२ ने पुढे. ही मॅच घेतली की ट्रॉफी त्यांची. शेवटच्या काही सेकंदांत ९५-९२, म्हणजे बरोबर तीनची आघाडी. स्पर्सने फाउल केला नाही. लेब्रॉन जेम्सचा शॉट चुकला, ख्रिस बॉशने उडालेला बॉल पकडला, कोपऱ्यात मागे सरकत गेलेल्या रे ॲलनला दिला. ॲलनने तीनचा शॉट टाकला, घड्याळात ५.२ सेकंद. बरोबरी. जादा वेळेत मायामी १०३-१०० ने जिंकली, आणि दोन दिवसांनी सातवी मॅच घेऊन ट्रॉफीही घेऊन गेली.

दुसरी त्याआधीची, ७ एप्रिल २००८, अमेरिकेतल्या कॉलेज टीमची फायनल. मेम्फिस ६३-६० ने पुढे. कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सने २.१ सेकंद राहिले असताना तीनचा शॉट टाकला, आणि जादा वेळेत कॅन्सस ७५-६८ ने जिंकली. इथे गंमत अशी की मेम्फिसला फाउल करायचाच होता. त्यांचे कोच जॉन कॅलिपारी मॅचनंतर तेच म्हणाले. पण मैदानावर तो फाउल नीट झालाच नाही. शिवाय शेवटच्या मिनिटांत मेम्फिसचे स्वतःचेच पाचपैकी चार फ्री थ्रो चुकले होते.

एका टीमने फाउल केला नाही, दुसरीला करता आला नाही. आपल्या कामाच्या गोष्टी दोन्हीत आहेत.

बास्केटबॉल लांबचा वाटत असेल तर कबड्डी घ्या. शेवटची चढाई समोरच्याची आहे, तुम्ही दोन गुणांनी पुढे आहात. शहाणे बचावपटू काय करतात? मागे सरकतात. बोनस घ्यायचा तर घे बाबा, पण आम्ही अंगाला हात लावणार नाही. कारण पकडायला गेलो आणि तिघं बाद झालो, तर सुपर रेड होऊन मॅच गेली. एक गुण स्वतःहून सोडतात आणि एकाने जिंकतात. पण आघाडी एकाच गुणाची असेल तर तो बोनससुद्धा सोडता येत नाही, कारण मग बरोबरी. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण घेतलं. अशा मॅचमध्ये एकेक गुण धरून ठेवायचा असतो.

म्हणजे नियम असा निघतो: पुढे असताना, शेवटी, एक मोजलेलं छोटं नुकसान स्वतःहून घ्या, म्हणजे न मोजता येणारं मोठं नुकसान टळतं. आता हे आपल्याकडे आणू या.

जळगावचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. कूलरचा सीझन होळीला सुरू होतो आणि जूनच्या पहिल्या पावसाला एका दिवसात संपतो. समजा तुम्ही ६० कूलर आणले, खरेदी ६,००० ला, विक्री ७,००० ला. ५२ विकले. ५२,००० सुटले. भाडं, पगार, हमाली, लाइटबिल असा ३०,००० खर्च काढला तर निव्वळ २२,००० हातात. ही तुमची आघाडी. मे संपत आलाय आणि आठ नग उभे आहेत, म्हणजे ४८,००० रुपये दुकानात उभे आहेत.

आता फाउल करा. ५,८०० ला काढा. नगामागे २०० गेले, एकूण १,६००. आघाडी २०,४०० झाली, पण ती पक्की झाली. नाही काढले तर? दीड टक्का महिना धरला तर त्या ४८,००० वर महिन्याला ७२०, फेब्रुवारीपर्यंत नऊ महिन्यांचे ६,४८०. वर गोडाऊनची जागा, पत्र्याला गंज, आणि मार्चमध्ये कंपनीचं नवीन मॉडेल आलं की जुन्याकडे कोणी बघत नाही. आणि याच आठवड्यात डीलरचा माणूस येऊन म्हणतो, भाऊ, अजून ऊन आहे, वीस नग घ्या, स्कीम आहे. तो रे ॲलन आहे, हे लक्षात ठेवा.

पण नीट बघा, हे गणित का बसलं? कारण आघाडी मोठी होती आणि फाउल छोटा. आता धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा आपल्या फुले मार्केटात कोणी कापडाचं दुकान टाकलंय, सगळा खर्च जाऊन मालावर तीन टक्के सुटतात, आणि शेजारच्याने बोर्ड लावला म्हणून हाही सगळ्या मालावर पाच टक्के सूट देतो. हा एका पॉइंटच्या आघाडीवर केलेला फाउल आहे. दोन फ्री थ्रो गेले की तुम्ही मागे. तिथे फाउल करायचा नसतो, हात वर करून उभं राहायचं असतं. भाव धरा, सर्व्हिस द्या, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

वेळेचंही तसंच. दहा मिनिटं बाकी असताना कोणी हा फाउल करत नाही. एप्रिलमध्ये कूलरचा सेल लावणारा माणूस घाबरलेला असतो, हुशार नव्हे.

दुसरी जागा उधारीची. कापसाचे पैसे आले की देतो, हे वाक्य खान्देशात दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलंय. एखाद्याकडे ४०,००० आहेत, आणि तो म्हणतो, दादा, आज ३८,००० रोख घ्या, खातं बंद करा. माल तुम्ही ३५,००० ला आणला होता. मी म्हणतो, घ्या. त्याच्यावर आणखी चार दुकानदारांची उधारी आहे हे तुम्हाला माहीत असेल तर अजून लवकर घ्या. पण इथे पाच फाउलचा नियम आठवा. सगळ्यांनाच अशी सूट दिली तर गावभर होईल की याच्याकडे थांबलं की कमी द्यावं लागतं. मग वेळेवर देणारेही थांबतील. वर्षात असे किती तोडायचे, हा आकडा आधीच ठरवा. तो संपला की बाहेर.

काही जण म्हणतील, मुद्दाम फाउल म्हणजे बेइमानी झाली. नाही. ज्या फाउलची किंमत नियमात लिहिलेली आहे आणि ती तुम्ही सगळ्यांसमोर मोजता, तो खेळाचाच भाग आहे. पण बॉल सोडून माणसालाच ढकललं तर रेफरी वेगळा फाउल देतो, दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांचाच. मागच्या वर्षीचा नग नवा म्हणून विकणं, वॉरंटीच्या वेळी फोन न उचलणं, हा तो दुसरा फाउल. आठ कूलर स्वस्तात काढताना 'मागचं मॉडेल आहे, म्हणून हा भाव' असं तोंडावर सांगा. गिऱ्हाईक घेतं, आणि पुढच्या वर्षी परतही येतं.

आणि मेम्फिसचा धडा विसरू नका. आपण फाउल केला की पुढच्या क्षणी समोरचे आपल्याला फाउल करतात, आणि फ्री थ्रो आपल्याला टाकावे लागतात. ते ज्याला येत नाहीत त्याने ही चाल खेळू नये. दुकानात फ्री थ्रो म्हणजे रोजची वही: आज किती माल उभा, किती उधारी बाहेर, किती देणं. जो हे रोज लिहीत नाही त्याला आपण तीनने पुढे आहोत की एकने हेच माहीत नसतं.

शिवाय ठरवलेलं सगळ्यांना माहीत पाहिजे. काउंटरवरच्या मुलाला तुम्ही सांगितलंच नाही की २५ मेनंतर ५,८०० पर्यंत सोड, तर तो ७,००० वर अडून राहील आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. फाउल हुकला तो असा.

तेव्हा आज दुकान बंद करताना एका कागदावर तीन ओळी लिहा. खर्च जाऊन या सीझनमध्ये माझी आघाडी किती? सीझनचे दिवस किती उरले? मी जास्तीत जास्त किती रुपये स्वतःहून सोडायला तयार आहे? तिसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान असेल आणि दिवस थोडे असतील, तर तारीख टाका, मुलांना सांगा आणि त्या तारखेला माल काढा. तसं नसेल तर भाव धरून उभे राहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरत राहा.