निःस्वार्थीपणा : खरा की बोलण्यापुरता?



एरवी या पानावर आम्ही बेणे, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा याविषयी लिहीत असतो. आज विषय थोडा वेगळा आहे. तो आम्हाला पुस्तकात सापडला नाही, गट कार्यालयाच्या ओट्यावर सापडला.

मागच्या हंगामातली, मार्च महिन्यातली गोष्ट. एका सभासदाची तोडणीची पाळी लागली होती आणि टोळी गावात येऊन उतरली होती. त्याच्या धुऱ्याला लागून एका विधवा बाईचे दोन एकरांचे वावर आहे. तिची विहीर आटलेली, ऊस उभ्या उभ्या वाळत चाललेला आणि पाळी तीन आठवडे लांब. हा गृहस्थ कार्यालयात आला आणि म्हणाला, "साहेब, टोळी पहिले तिच्या वावरात घाला. माझ्या विहिरीला पाणी हाय, माझा ऊस थांबते." आम्ही त्याला स्पष्ट सांगितले की बुवा, पाळी सोडू नका, आपल्याकडच्या उन्हात वजन घटेल. तो ऐकला नाही. त्याचा ऊस एप्रिलमध्ये तुटला आणि त्याच्याच हिशेबाने एकरी चार टनांचा फटका बसला. हे पत्रकात द्यावे म्हणून विचारले, तर म्हणाला, "नाव छापू नका जी."

म्हणून नाव देत नाही. पण ओट्यावर चर्चा व्हायची ती झालीच. एक जुने जाणते सभासद म्हणाले, "फुकटात कोणी कोणासाठी काही करत नसते. हा सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहते, पाहा." निवडणूक झाली. तो उभा राहिला नाही. तेव्हा तेच म्हणाले, "मग त्याच्या मनाला तर बरं वाटलं ना? तोही स्वार्थच झाला."

हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, कारण त्यात कोणाचेही कोणतेही चांगले काम बसवता येते. आईने उपाशी राहून पोराला घास दिला, तर तिला समाधान मिळाले, म्हणजे तीही स्वार्थी! आमच्या मते इथे हिशेबाची एक साधी चूक आहे. आपण ऊस लावतो तो साखरेसाठी. त्याबरोबर पाचट मिळते, वाढे मिळतात, कारखान्यात मळी निघते. पण म्हणून 'हा माणूस पाचटासाठी ऊस लावतो' असे कोणी म्हणेल काय? समाधान हे तसेच आहे. ते कामामागून येते. त्यासाठी काम केले असे त्यावरून ठरत नाही. आणि बाईचे वावर वाळले तरी ज्याला काहीच वाटत नाही, त्याला ते तुटल्यावर समाधान तरी कोठून मिळणार? आधी दुसऱ्याचे दुःख लागावे लागते.

शास्त्रज्ञांनीही या प्रश्नाला हात घातलेला आहे. मधमाशी पोळ्यासाठी डंख मारते आणि मरते. असे का व्हावे, याचे गणित १९६४ साली हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडले. रक्ताच्या नात्यासाठी केलेला त्याग वंशाला फायद्याचा ठरू शकतो, असे त्याचे सार. म्हणजे भावासाठी भाऊ झिजतो, याचा उलगडा होतो. पण जो ना नात्याचा, ना जातीचा, ना परतफेड करण्याच्या स्थितीतला, त्याच्यासाठी कोणी झिजतो, त्याचे काय?

याचे उत्तर शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. नागपूरहून शंभरेक किलोमीटरवर वरोरा आहे. हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेले मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, जमीनदाराघरचे वकील. वरोऱ्यात मैला वाहण्याचे काम त्यांनी स्वतः अंगावर घेतले होते. त्या काळात पावसात भिजत पडलेला, अंगात किडे पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला. आणि बाबा पळाले! होय, पहिल्यांदा ते घाबरून पळाले. मग स्वतःची लाज वाटून परत आले आणि त्याला आडोसा करून त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. पण त्यातून बाबांचे पुढचे आयुष्य ठरले. कलकत्त्याला जाऊन त्यांनी या रोगाचे शिक्षण घेतले, प्रयोगासाठी रोगाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले आणि १९५१ साली आनंदवन सुरू केले. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. जमीन खडकाळ, झुडपी.

आता गंमत पाहा. हे मी परोपकार म्हणून केले, असे बाबा स्वतः म्हणत नसत. आपल्याला आपली भीती जिंकायची होती, असे ते सांगत. ओट्यावरच्या आमच्या मित्रांना हे आयते सापडेल : "पाहा, तेही स्वतःसाठीच!" आम्ही उलट म्हणतो. भीती जिंकायला एक दिवस पुरे होता. बाबा ९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनातच वारले. भीती गेल्यानंतरची पन्नासाहून अधिक वर्षे कोणाच्या खात्यावर लिहायची?

म्हणून आमचे मत असे की मनाचा तळ शोधत बसू नये. मन हे विहिरीसारखे आहे, उपसले की गाळ येणारच. आमचेच सांगतो. त्या गृहस्थाला आम्ही 'पाळी सोडू नका' म्हटले ते शेतकीच्या दृष्टीने बरोबर होते. पण पाळी बदलली की कार्यक्रमाचा तक्ता नव्याने करावा लागतो, ही कटकटही त्या सल्ल्यात होती. सल्ला देणाऱ्याच्या पोटात काय असते, हे त्याला स्वतःला तरी कुठे पुरते कळते! त्यापेक्षा बाहेरून दिसणाऱ्या दोन गोष्टी तपासाव्यात. तोशीस कोणी सोसली? आणि कोणी पाहत नसताना तो तसाच वागला असता काय?

कोणी म्हणेल, सहकारात हे कशाला? इथे तर सगळे आपापल्या फायद्यासाठीच भाग घेतात. खरे आहे. सहकार म्हणजे संन्यास नव्हे. विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि नागपुरात शाळा शिकलेल्या धनंजयराव गाडगिळांनी प्रवरेला जो कारखाना उभा केला, तो शेतकऱ्याच्या हितासाठीच. पण भागभांडवलासाठी विखे पाटील गावोगाव हिंडले, तेव्हा कारखाना चालेल की बुडेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. सर्वांचा स्वार्थ एका गाड्यात बसवायचा, तर आधी कोणाला तरी पायी चालावे लागते.

उलट चित्रही आपल्याच कार्यक्षेत्रात आहे. पाळी लवकर मिळावी म्हणून स्वतःच्या हाताने फड पेटवणारे आपल्यातच आहेत. जळीत ऊस आधी न्यावा लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते. तो पुढे गेला की मागे कोणाची तरी पाळी सरकते. बहुधा ज्याची ओळख नाही त्याची, आणि ज्याची विहीर आटली आहे तिची. कपात आपल्या बिलात होते, पण नुकसान दुसऱ्याच्या वावरात होते. तिथे मात्र 'माणूस स्वार्थी असतोच' हे वाक्य मोठे सोयीचे पडते. आमचा राग त्या वाक्यावर आहे तो यासाठी. ते तत्त्वज्ञान म्हणून बोलले जाते आणि माफीनामा म्हणून वापरले जाते.

तेव्हा सभासदांना एकच विनंती. येत्या हंगामात ज्यांच्या विहिरीला पाणी आहे आणि ऊस थांबू शकतो, त्यांनी शेजाऱ्याची अडचण पाहून गट कार्यालयात तसे कळवावे. मनात हेतू कोणता आहे, ते आम्ही विचारणार नाही. तक्ता नव्याने करण्याचे काम आमचे.

— ऊस विकास अधिकारी