शेकडा पाच

मंडळी, कर्जमाफीवर आमच्या घरात दोन तट आहेत हे नातेवाइकांना ठाऊकच आहे. पुण्याकडचे म्हणतात फुकटेगिरी, मेहकरकडचे म्हणतात हक्क. लग्नाच्या पंगतीत हा विषय निघाला की जेवण लांबलंच. मला मात्र वाटतं, भांडण भलत्याच जागी चाललंय. २००८, २०१७, २०१९ अशा तीन माफ्या झाल्या. त्यांनी जुना बोजा उतरला, पण ऑक्टोबर महिना जिथे होता तिथेच राहिला.

ऑक्टोबर म्हणजे काय, ते शेतीबाहेरच्यांना सांगायला हवं. सोयाबीन निघतं, आणि त्याच पंधरा दिवसांत सोंगणीची मजुरी, थ्रेशरवाला, कृषी केंद्राची उधारी, हरभऱ्याचं बियाणं आणि दिवाळी, सगळे एकदम दारात उभे. अख्ख्या जिल्ह्याचा माल एकाच वेळी बाजार समितीत येतो, भाव पडतो, आणि आमचे मोठेबाबा नेमके तेव्हाच विकतात. अडाणी म्हणून नाही. थांबायला पैसा लागतो म्हणून.

यावर उपाय जुनाच आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्के रक्कम घ्या, १८० दिवसांत फेडा, व्याज वर्षाला ६ टक्के. समजा दहा क्विंटल सोयाबीन, भाव चार हजार. तीस हजार हातात येतात आणि सहा महिन्यांचं व्याज होतं नऊशे. म्हणजे क्विंटलमागे नव्वद रुपये भाव वाढला की व्याज निघालं, हमाली-वाहतूक वेगळी. हेच तीस हजार गावातल्या सावकाराकडून शेकडा पाचनं (महिन्याला बरं का!) घेतले तर सहा महिन्यांचे नऊ हजार. दहापट. हे गणित चौथीतला पोरगाही करील.

मग लोक जात का नाहीत? एक तर गोदाम तालुक्याला आणि माल आठ-दहा पोती. भाड्याची गाडी करून न्यायचा, ओलावा जास्त निघाला तर परत आणायचा. दुसरं, थांबलं की भाव वाढतोच असंही नाही. २०२१ चं सोयाबीन ज्यांनी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवलं त्यांचं साधलं. त्याच्या पुढच्या वर्षी ठेवणाऱ्यांना कमी भावात विकावं लागलं. तारण कर्ज म्हणजे लॉटरी नव्हे. घाईत न विकण्याची मोकळीक, एवढंच.

बुलढाण्यात तर हे करून दाखवलेलं आहे. राधेश्याम चांडक यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या बुलढाणा अर्बन पतसंस्थेनं गोदामं बांधली आणि त्यातल्या धान्यावर कर्ज दिलं. आणि याच जिल्ह्याच्या मध्यवर्ती बँकेवर २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले. ठेवी अडकल्या, पीककर्ज आटलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रानं देशातल्या २३ जिल्हा बँकांसाठी पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या : बुलढाणा, नागपूर आणि वर्धा. मधल्या काळात पेरण्या काही थांबल्या नाहीत. पैसा कुठून आला असेल, ओळखा.

सावकारी म्हटलं की खामगावचं प्रकरण आठवतं. तिथल्या एका सावकाराविरुद्धच्या तक्रारींमध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून हस्तक्षेप झाला, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१० मध्ये राज्य सरकारला १० लाखांचा दंड केला. पुढे २०१४ चा सावकारी कायदा आला. कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते. आपल्या नात्यात निदान दोन घरांना हे उपयोगी आहे. नावं घेत नाही, पण वाचत असाल तर कागद शोधून ठेवा.

माफीबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख सवलतीमुळे व्याज शून्य पडतं. माफीची कुजबुज सुरू झाली की माणूस भरायचा थांबतो, थकबाकीत जातो, आणि पुढच्या जूनमध्ये बँक त्याला उभं करत नाही. मग पुन्हा शेकडा पाच. त्याच पैशात दर पाच-सहा गावांमागे एक लहान गोदाम, वजनकाटा आणि ओलावा मोजायचं यंत्र दिलं तर? पुण्याचे आणि मेहकरचे, दोघांनीही सांगा.

असो. यातही एक माणूस सुटतोच. आमच्या शेताला लागून पाच एकर ठोक्यानं करणारा एक जण आहे. राबतो तो, बियाणं त्याचं, पण सातबारा मालकाच्या नावावर. त्यामुळे पीककर्ज नाही, माफी कधी मिळाली नाही, आणि सातबारा-पीकपेरा मागितला की तारणाचं गोदामही बंद. मालक लेखी करार करून देत नाही, कूळ लागेल म्हणून. यंदाही त्यानं कृषी केंद्रातून उधारीवरच बियाणं उचललं.