कमरेचा ताळेबंद

चाळिशी ओलांडली की वजन घटविण्याची घाई सुरू होते. महिनाभर अर्धपोटी राहून चार-पाच किलो उतरविले जातात आणि दिवाळीनंतर ते सव्याज परततात. माझ्या मते वजनाचा आकडा हा निकषच अपुरा आहे. तिशीनंतर दर दशकात सुमारे ३ ते ८ टक्के स्नायू घटतात. केवळ उपासमारीने चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणजे मुद्दलच खर्ची पडते.

भारतीयांच्या पोटाभोवती चरबी लवकर साचते. त्यातून मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून कमरेचे माप घ्यावे. पुरुषांनी ते ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूबळाचे व्यायाम सुचविले. भरभर चालणे, जोर-बैठका, ताटात भात-पोळी थोडी कमी करून डाळ-उसळ वाढविणे, यास कोणताही खर्च नाही. आम्हा बँक कर्मचाऱ्यांचा दिवस तर खुर्चीतच सरतो. आम्हांस ही निकड अधिक आहे. मधुमेह वा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आवर्ती ठेवीप्रमाणे हप्ता लहान असला तरी चालेल. तो चुकू मात्र नये.