पावसाचे कोठार

आषाढ लागला की सह्याद्रीवर पावसाची झोड उठते. अरबी समुद्रावरून आलेले ढग डोंगरांच्या उंच भिंतीला अडतात, वर चढता चढता थंड होतात आणि आपले ओझे तेथेच रिते करतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाट ओलांडून पुढे गेलेल्या ढगांकडून पुणे शहराला मात्र सुमारे ७०० मिलिमीटरच मिळतो. कोकणातील कित्येक गावांना ३००० मिलिमीटर पावसाचेही नवल वाटत नाही. ओढे दुथडी भरून वाहतात, कड्यांवरून पांढरेशुभ्र धबधबे कोसळतात आणि शेतांच्या खाचरांतून पाणी खेळू लागते. एवढी जलसंपत्ती ज्यांच्या दारी येते, त्यांना तहान म्हणजे काय हे ठाऊकही नसेल, असे कोणालाही वाटावे.

परंतु त्याच डोंगरांत चैत्र-वैशाखात गेले तर निराळेच दृश्य दिसते. ओढ्यांत नुसते धोंडे उघडे पडलेले असतात. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी कळशीत भरावे लागते. डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन बायका व मुली उन्हात डोंगर चढत असतात. कित्येक वाड्यांना शासनाला टँकरने पाणी पोहोचवावे लागते. ज्या घराच्या कौलांवरून आषाढात पाण्याचे लोट वाहिले, त्याच घरात वैशाखात पाहुण्याला तांब्याभर पाणी देताना गृहिणीला विचार पडतो. मग ते सारे पाणी गेले कोठे?

या प्रश्नाला पुष्कळ लोक एक ठराविक उत्तर देतात. रान तुटले म्हणून पाऊस पळाला, असे ते म्हणतात. या उत्तरात सत्याचा अंश आहे; मोठी अरण्ये आपल्या पानांवाटे हवेत बाष्प सोडतात आणि त्याचा पावसाला हातभार लागतो. तथापि सह्याद्रीवर पडणारा पाऊस मुख्यतः समुद्रावरून येतो आणि डोंगर त्याला अडवतात. समुद्र आहे तेथेच आहे, डोंगरही आहेत तेथेच आहेत. म्हणून उघड्या पडलेल्या डोंगरावरही पाऊस येतोच. येत नाही असे नाही. आलेला राहत नाही. हा भेद नीट ध्यानात घेतला, म्हणजे जंगलतोडीने माणसाचे खरे नुकसान कोणते झाले ते कळू लागते.

शेतकऱ्याच्या घरचे उदाहरण घ्यावे. खळ्यावर धान्याची रास पडली, एवढ्याने वर्षाची बेगमी होत नाही. ते धान्य कणगीत भरावे लागते आणि पुढे बारा महिने पुरवून पुरवून खावे लागते. कणगी फुटकी असेल, तर भरघोस पिकाचा धनीही चैत्रात उपाशी राहील. सह्याद्रीचा पाऊस हे चार महिन्यांचे पीक आहे आणि रान ही त्याची कणगी आहे.

ही कणगी भरते कशी, हे पाहण्यासारखे आहे. दाट रानात पावसाचा थेंब सरळ जमिनीवर आदळत नाही. तो आधी उंच झाडाच्या पानांवर पडतो, तेथून खालच्या झुडपांवर येतो, मग गवतावर आणि अखेरीस पालापाचोळ्यावर. असा पायरी पायरीने उतरताना त्याचा जोर नाहीसा होतो. वर्षानुवर्षे साठलेला पाला कुजून जमिनीवर काळी, भुसभुशीत माती तयार झालेली असते. गांडुळांनी आणि किड्यामुंग्यांनी ती आतून पोखरलेली असते. मुळांनी तिच्यात वाटा केलेल्या असतात. त्या वाटांनी पाणी खोल मुरते, खडकांच्या भेगांत साठते आणि सावकाश झिरपत झिरपत डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. आषाढात पडलेले पाणी असे फाल्गुनातही गावाला मिळते. झाडे स्वतःही पाणी पितात, हे खरे. पण कोठार राखणाऱ्याने आपला वाटा घेतला तरी कोठार राखले गेले, हा लाभ थोडा नव्हे.

आता तेच रान तोडले, असे समजावे. पावसाचा थेंब उघड्या जमिनीवर सरळ आदळतो. मातीचे कण सुटे होतात आणि पाण्याबरोबर उतारावरून पळू लागतात. पाला नाही, म्हणून नवी माती तयार होत नाही. मुळे नाहीत, म्हणून जुनी माती टिकत नाही. बोटभर जाडीची माती घडवायला निसर्गाला शतके लागतात. ती एका-दोन पावसाळ्यांत धुऊन जाऊ शकते. मग डोंगराचा नुसता खडक उरतो, आणि खडकावर पडलेले पाणी थांबत नाही. चार महिन्यांचे पाणी चार तासांच्या पुरांत वाहून जाते. पावसाळ्यातला पूर आणि उन्हाळ्यातली तहान ही दोन वेगवेगळी संकटे आहेत, असे लोकांना वाटते. वास्तविक ती पुष्कळदा एकाच फुटक्या कणगीची दोन नावे असतात.

वाहून गेलेली माती कोठे तरी जाऊन बसतेच. ती नद्यांच्या पात्रांत, धरणांच्या तळाशी आणि खाड्यांच्या मुखांशी साठते. एके काळी दाभोळच्या खाडीतून गलबते चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येत असत. पुढे गाळाने खाडी उथळ होत गेली. २०२१च्या जुलै महिन्यात चिपळूण शहरात महापूर आला. त्या पुराला अतिवृष्टी कारण झाली, हे निर्विवाद आहे. परंतु पाणी वाहून नेणारी नदी गाळाने भरलेली असेल तर पुराचे पाणी अधिक चढते. म्हणूनच त्या पुरानंतर वाशिष्ठी नदीतील गाळ काढण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. डोंगरावर जी माती धान्य पिकवते, तीच नदीत उतरली की संकट होते.

दरडींचेही असेच आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर पहाटेच्या पावसात डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. प्रत्येक दरड वृक्षतोडीमुळेच कोसळते, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. अतिवृष्टीत दाट रानाचा उतारही कधी कधी खचतो. परंतु मुळांनी बांधून ठेवलेला उतार आणि तोडून, खणून मोकळा केलेला उतार यांत अधिक धोक्याचा कोणता, हे सांगायला फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

झाडाचे हे मोल महाराष्ट्रात पूर्वी कोणी जाणले नव्हते, असे मात्र नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीवरील ग्रंथ रचला. आरमारासाठी लाकूड लागते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, असे त्यांनी बजावले. अगदीच गरज पडली, तर जीर्ण झालेले एखादे झाड धन्याला राजी करून व मोबदला देऊन घ्यावे, असा त्यांचा दंडक होता. राज्याची गरज मोठी असली तरी झाडाचे आयुष्य तिच्याहून लांब असते, हा विचार त्यामागे दिसतो.

पुढे इंग्रजी अमलात लाकडाची मागणी फार वाढली. जहाजांना साग हवा होता. १८५३ साली मुंबई ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढे देशभर लोहमार्ग पसरले; त्यांच्या रुळांखाली घालण्यासाठी लक्षावधी झाडे पडली. शहरांना सरपण व कोळसा पुरवण्यासाठी डोंगर उघडे झाले. मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टराची वनरक्षणाच्या कामावर नेमणूक झाली. जंगलतोडीमुळे कोकणातील पाण्यावर अनिष्ट परिणाम होतो, याकडे त्याने सरकारचे लक्ष वेधले होते. इशारा वेळेवर मिळाला होता; तो पुरेसा ऐकला मात्र गेला नाही.

येथे कोणी असे विचारील की, माणसाने चूल पेटवायची नाही काय? घराला वासे घालायचे नाहीत काय? रस्ते, धरणे, कारखाने यांवाचून देश पुढे कसा जाईल? हे प्रश्न रास्त आहेत. डोंगरातील गरीब शेतकरी भाताच्या राबासाठी फांद्या तोडतो, मोळी विकून मीठमिरची आणतो. सारा दोष त्याच्या माथी मारणे हा अन्याय होय. त्याची कुऱ्हाड फांदीवर पडते. मोठ्या ठेक्यांची यंत्रे अख्खा डोंगर साफ करतात. शिवाय जो लाकूड नेतो तो दूर शहरात राहतो, आणि जिचा झरा आटतो ती बाई डोंगरातच राहते. एकाने नफा घ्यावा आणि दुसऱ्याने हंडा वाहावा, हा व्यवहार सचोटीचा म्हणता येणार नाही. लाकूड घेऊ नये, असे कोणी म्हणत नाही. कणगीतले धान्य खाण्यासाठीच असते. पण भूक लागली म्हणून कणगीच मोडून जाळणारा शेतकरी शहाणा ठरत नाही.

दुसरा एक युक्तिवाद अधिक गोड असतो. एक झाड तोडले तर दहा लावू, असे सांगितले जाते. हिशेब ऐकायला चांगला वाटतो. पण तो खरा नाही. जुलैत समारंभाने लावलेली रोपे पुढच्या मे महिन्यापर्यंत जगली की नाही, हे पाहायला बहुधा कोणी जात नाही. आणि ती जगली, तरी निलगिरीच्या नाही तर परदेशी बाभळीच्या रांगा म्हणजे रान नव्हे. रानात उंच वृक्ष असतात, त्यांच्याखाली लहान झाडे असतात, वेली असतात, बुरशी असते, शेकरू असतो आणि धनेश पक्षी असतो. धनेश फळे खातो आणि त्यांच्या बिया दूरवर टाकतो. माणसाने खड्डा न खणताही तेथे नवे झाड उगवते. हे सारे दहा रोपांच्या बेरजेत येत नाही. रोपे अवश्य लावावीत. परंतु उभे रान राखणे हे पहिले कर्तव्य आणि नवे लावणे हे दुसरे, हा क्रम उलटा होता कामा नये.

उभे रान राखले म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर देवराईत जावे. सह्याद्रीतील अनेक गावांनी देवाच्या नावाने रानाचा एखादा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवला. तेथील वाळकी काटकीही कोणी उचलू नये, असा नियम असे. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी अशा देवरायांचा अभ्यास केला. आजही कित्येक देवरायांच्या कुशीत झरा, कुंड किंवा पाणवठा आढळतो. आजूबाजूचा डोंगर वैशाखात भाजून निघत असतो, आणि तेथे मात्र पायांखालची माती ओलसर लागते. पूर्वजांजवळ पर्जन्यमापक नव्हते. पण पाणी कोठे राहते, हे त्यांनी ओळखले होते.

मोडलेली कणगी पुन्हा विणता येते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाला पाऊस मिळतो तो अवघा ४०० मिलिमीटरांच्या आसपास. डोंगर उजाड झाले होते, विहिरी आटल्या होत्या आणि माणसे पोटासाठी गाव सोडून जात होती. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने स्वतःला शिस्त लावून घेतली. कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, उतारांवर चर खणले, बांध घातले आणि पाण्याचा जमाखर्च मांडून त्याप्रमाणे पिके घेण्याचे ठरवले. हळूहळू डोंगरावर गवत आले, झाडे आली आणि विहिरींना पाणी आले. गेलेली माणसेही परत आली. हे केवळ झाडांनी घडले असे नव्हे. पण झाडे-गवत राखल्यावाचूनही ते घडले नसते. कोकणाच्या मानाने मूठभर पाऊस. पण गावाने तो राखला.

१९८८च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एकतृतीयांश भूमीवर आणि डोंगराळ मुलखात दोनतृतीयांश भूमीवर वने असावीत, असे ध्येय ठरवले. महाराष्ट्रात वनांचे आच्छादन १७ टक्क्यांहूनही कमी आहे. हे अंतर शासनाने कायद्याने भरून काढावे हे खरे, तसेच गावांनी निश्चयानेही ते भरून काढले पाहिजे. आज शाळेत बसलेली मुले उद्या ग्रामसभेत बसतील, कोणी ठेकेदार होतील, कोणी वनाधिकारी होतील. एखादे रान तोडावे की राखावे, असा प्रश्न त्यांच्यापुढे कधी ना कधी येईलच. लाकडाची किंमत त्यांना कोणीही सांगेल, कारण ती बाजारात ठरते. झऱ्याची किंमत मात्र बाजारात कोणी सांगत नाही; ती वैशाखात कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मोठे झाड यंत्राने पाडायला काही क्षण पुरतात. ते उभे राहायला ज्याला शंभर पावसाळे लागले, त्याच्यावर घाव घालण्यापूर्वी माणसाने एक वैशाख आठवून पाहावा.