वनौषधींची नोंद आणि महाजनांचे कर्तव्य

शंखावाचून आमच्या देवळांत आरती होत नाही आणि माटोळीवाचून गोमंतकात चवथ साजरी होत नाही. समुद्र आणि रान ही दोन्ही अशी आमच्या देवघरात मानाने येऊन बसली आहेत. वैद्यकातही तेच. शंखभस्म, प्रवाळ, समुद्रफेन ही समुद्राची देणगी. कुडा, सर्पगंधा, गुळवेल ही रानाची. परंतु या ठेव्याविषयी आमच्या ठायी आहे तो केवळ अभिमान. जबाबदारीची जाणीव नाही, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

परदेशांत एखादे औषध निघाले की, हे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते, असा घोष येथे सुरू होतो. शंकूच्या आकाराच्या एका समुद्री गोगलगाईच्या विषावरून सिद्ध केलेले झायकोनोटाइड हे वेदनाशामक अमेरिकेत २००४ साली मान्य झाले. त्यासाठी संशोधकांनी त्या विषाचा एकेक घटक वेगळा करून पारखला. आमच्या घोषात ही पारख कोठे आहे? सर्पगंधेची मुळी आमच्याकडे पूर्वापार वापरात होती. परंतु रक्तदाबावरील तिच्या गुणाकडे जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रुग्णांवरील आपली निरीक्षणे १९४९ साली प्रसिद्ध केल्यावर. परंपरा ही साक्ष आहे, निकाल नव्हे. शिवाय झाडपाला म्हणजे निरुपद्रवी हा समजही खोटा आहे. आमच्या रानांतील काजऱ्याच्या बीत स्ट्रिक्नीनसारखे जालीम विष असते, हे विसरून चालणार नाही.

साक्षीलाही कागद लागतो, हे आम्ही वकिलीच्या अनुभवाने सांगतो. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ते आजीबाईंच्या आठवणींमुळे रद्द झाले काय? नव्हे; जुने ग्रंथ व छापील निबंध पुराव्यादाखल पुढे ठेवता आले म्हणून. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात येथील वैद्यांचे ज्ञान सांठविलेले आहे. परंतु त्या वैद्यांपैकी कितींची नावे आज आम्हांस ठाऊक आहेत? याउलट, १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे बारा खंडांत निघालेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित व आपू भट या कोचीच्या कोकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापलेली आहे. लिहिले, म्हणून ती नावे राहिली.

आज कायदा काय सांगतो? २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक पंचायतीने समिती नेमावयाची असून लोकांच्या ज्ञानाची नोंदवही सिद्ध करावयाची आहे. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञानाच्या वापराला लाभांश देण्याच्या बंधनातून सूट मिळाली. म्हणजे ग्रंथांत जे आहे, त्याचा वाटा गावाला मागता येणार नाही. उरले ते पेडणे-डिचोलीच्या वाड्यावाड्यांतून तोंडी चालत आलेले ‘गांवठी वखद’. आणि तेच नोंदले नसेल, तर हक्क सांगावयाचा कशाच्या आधारावर? राष्ट्रीय हरित लवादाने नोंदवह्या पुऱ्या करण्यास ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती. मुदतीच्या धाकाने भरलेली वही आणि जाणत्यांना विचारून लिहिलेली वही यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

औषध सांगितल्यास त्याचा गुण जातो, असे काही जुनी माणसे म्हणतात. त्या श्रद्धेचा आम्ही उपहास करीत नाही. परंतु न सांगितल्याने गुणच नव्हे, औषधच जाते, हे त्यांनी पाहावे. वनस्पती, गाव व जाणत्याचे नाव नोंदवावे आणि कृती गुप्त राखण्याची मागणी त्याच वेळी लेखी करावी.

नोंदीअभावी केवळ ज्ञान नव्हे, रानही जाते. पेडण्यातील मोपा विमानतळाची पर्यावरणीय मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली, ती अर्जात परिसराची खरी माहिती दिली गेली नव्हती म्हणून. पुढे जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली आणि २०२३ च्या जानेवारीपासून तेथून विमाने उडू लागली. त्या पठारावरील कोणती मुळी गेली, हे आज कोण सांगणार? डिचोलीत खाणींनी डोंगर पोखरले, तेथेही हाच प्रश्न. परंतु सरकारला व खाणवाल्यांना बोल लावण्यापूर्वी आम्ही आमच्या देवस्थानांनाही विचारतो: ज्या देवराईतील काटकी उचलण्यास पूर्वज भीत, तेथे सभामंडपासाठी व मोटारींच्या तळासाठी कुऱ्हाड चालविण्याचा अधिकार तुम्हांला कोणत्या शास्त्राने दिला?

१९३३ च्या देवस्थान विनियमाखाली महाजनांच्या सभा आजही भरतात. मानपान, पालखी, जमाखर्च यांवर तेथे तासन्‌तास खल होतो. यंदाच्या सभेत तीन ठराव व्हावेत: देवराईतील झाडे तोडू नयेत, माटोळीतील प्रत्येक फळा-वेलाचे नाव व उपयोग लिहून काढावा, आणि ती यादी पंचायतीच्या नोंदवहीत समाविष्ट करून तिची पोच घ्यावी. यास द्रव्य लागत नाही. लागते ती इच्छा. ती नसेल तर पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान मिरविण्याचा अधिकारही आम्हांस उरत नाही.